अक्कांचं टार्गेट

दर सोमवारी पहिल्या तासाला माझ्या वर्गाच्या दारात आधी एक काळी छत्री यायची आणि तिच्यामागून अक्का. ऊन असो नसो, छत्री उघडीच. तिची एक काडी मोडली होती आणि एकदा मिटली की पुन्हा उघडायला दोन माणसं लागायची, म्हणून अक्का ती मिटायच्या भानगडीतच पडत नसत. दारात उभ्या राहून त्या वर्गावरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "काय मास्तरीण, आज कडेवर किती?"

म्हणजे आज किती मुली धाकटं भावंड कडेवर घेऊन शाळेत आल्यात. मी मोजून सांगायची. आठ. अकरा. कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरासुद्धा. अक्का मान हलवायच्या, पिशवीतली वही काढून त्यात काहीतरी टिपायच्या आणि छत्रीसकट पुढच्या गल्लीत निघून जायच्या. पहिले दोन महिने मला वाटायचं, बाईला काही उद्योग नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्याची. मी जळगावात वाढलेली, नवी कोरी मास्तरीण. पहिलीच नेमणूक मिळाली ती दोंडाईच्यापासून सहा मैलांवरच्या एका गावात. माझ्या वाट्याला खोली एक, वर्ग दोन, पोरं नव्वदच्या वर. हजेरी संपेपर्यंत छोटी सुट्टी व्हायची. पाटीला पाटी लागून पोरं बसायची आणि एकाला शिंक आली की तीन जणांच्या पाट्या पुसल्या जायच्या. गावात हापसा एकच होता. तो पहाटेपासून कुंईकुंई करायला लागायचा तो दिवस मावळेपर्यंत. शेतांची वाटणी होता होता असे पट्टे झाले होते, की एकाने बैल वळवले तर ते शेजारच्याच्या पिकात जायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. मी आल्या दिवसापासून एकच गोष्ट मागत होते, जळगावकडे बदली.

अक्का गावच्या नर्सबाई. सरकारी कागदावर त्यांचं नाव वत्सला होतं, पण त्या नावाने त्यांना फक्त पगाराच्या दिवशी हाक मारली जायची. वय चाळिशीच्या पुढे, अंग काटक, आवाज मात्र दोन पुरुषांचा. पांढरं लुगडं, पायात टायरच्या चपला, दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा, की मी एकदा चाखला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत मला वर्गात नीट बोलता आलं नाही. त्या धुळ्याच्या. उपकेंद्राच्या एका खोलीत दवाखाना आणि दुसरीत त्यांचा संसार. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टोव्ह. नवरा लवकर गेला होता आणि मुलगा धुळ्याला बहिणीकडे शिकत होता. त्याबद्दल त्या जास्त बोलत नसत, मीही विचारलं नाही.

घरोघर फिरताना त्यांची एक रीत होती. ओट्यावर टेकलं की पहिलं वाक्य, "पाणी द्या." तहान असो वा नसो. काही घरांतून तांब्या मिळायचा, काही घरांतून वरून ओंजळीत धार. वरून पाणी आलं की अक्का ओंजळ पुढे करत नसत. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढून समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "यात ओता." पुढच्या खेपेलाही त्या घरी पहिलं वाक्य तेच, पेलाही तोच. गावातल्या एका मोठ्या पाटील घरात त्यांनी अशी तीन वर्षं पाणी मागितलं. मग त्या घरच्या सुनेचं मूल आडवं आलं आणि अक्कांच्या हातांनी ते बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या सासूबाई स्वतः घरातला पितळी पेला भरून घेऊन बाहेर आल्या. अक्का घटाघट प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "गार शे." त्यावर गावात आठ दिवस चर्चा झाली.

याच घरात गोळ्यांचा तो प्रकार घडला. तीन सुना, तिघींनाही पाळणा थोडा लांबवायचा होता. अक्कांनी रोज एक घ्यायच्या गोळ्यांची पाकिटं दिली, घ्यायचं कसं ते समजावलं आणि पुढच्या गावांना गेल्या. दोन महिन्यांनी बघतात तर तिघींपैकी दोघींना दिवस गेलेले. चौकशी केली तेव्हा कळलं, की घरात चहा, साखर, खोबरं, तेल सगळं सासूबाईंच्या कुलपात असायचं, तसं ही पाकिटंही त्यांनी कुलपात घातली. आणि कुलपातली वस्तू काटकसरीने वापरायची असते. त्या रोज एकच गोळी काढत. आज थोरलीला, उद्या मधलीला, परवा धाकटीला. अक्कांनी कपाळाला हात लावला तेव्हा सासूबाईंनाच राग आला. "बठ्ठ्या सुनास्ले सारखं दिधं ना मी! कोनले कमी पडू दिधं नही!"

मी असते तर बाईला चार शब्द सुनावले असते. अक्कांनी तसं केलं नाही. ज्या घरात किल्ली एका कमरेला असते, तिथे त्या कमरेला वळसा घालून जाता येत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. त्यांनी प्रत्येक सुनेच्या पाकिटाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, किल्ली सासूबाईंकडेच ठेवली आणि हा कारभार गंभीर चेहऱ्याने त्यांच्यावर सोपवला. मात्र त्याआधी तिन्ही सुनांना एकेकटीला गोठ्यात गाठून विचारलं, की तुला हवंय का. बाळंतपणं उरकल्यावर त्या घरात दर संध्याकाळी कंदील लावायच्या वेळेला सासूबाईंची हाक ऐकू यायची, "लाल दोरावाली, ये! हिरवा दोरावाली, ये!" आणि समोर उभं करून, पाणी पाजून, तोंड उघडून दाखवल्याशिवाय सूनबाईंची सुटका नसायची. मी शाळेतली तपासणी एवढी कडक कधी केली नाही.

वरून आलेलं एक चित्र उपकेंद्राच्या भिंतीवर होतं. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी, चौघांचे दात पांढरेशुभ्र. अक्कांना ते चित्र बिलकूल आवडायचं नाही. "ह्या बाईला सासू नाही, हिला हापसा नाही, शेण नाही, वेचणी नाही," त्या म्हणायच्या. "हिची दोन्ही पोरं जगलीत. हिला दोन पुरतीलच की. आपल्या बायांना काय विचारायचं ते वेगळं आहे."

कडेवरच्या पोरांचा मला मात्र भयंकर वैताग यायचा. नव्वद पोरांच्या गलक्यात दहा तान्ही रडणार, कोणी पाटीवर मुतणार, कोणी माझा खडू खाणार. एका सोमवारी मी फर्मान काढलं की उद्यापासून शाळेत भावंडं आणायची नाहीत. पुढच्या सोमवारी छत्री दारात आली. "कडेवर किती?"

"एकही नाही," मी अभिमानाने सांगितलं.

अक्कांनी वर्ग पाहिला. "आणि मुली किती?"

मी मोजलं. अकरा मुली कमी होत्या.

त्या मला बोलल्या नाहीत. दुपारी एक सुतळीचा गुंडा आणि तीन जुनी लुगडी घेऊन आल्या, शाळेच्या पडवीच्या वाशाला तीन झोळ्या बांधल्या आणि गावातल्या एका एकट्या म्हातारीला तिथे बसवून गेल्या. हेडमास्तर नाना नियमाच्या पुस्तकात झोळ्या कुठे बसतात ते दोन दिवस शोधत होते. त्यांना नियम सापडला नाही आणि झोळ्या राहिल्या. मुली परत आल्या. त्यांतल्या सिंधूने तर आणखी सोय केली. झोळीची दोरी तिने खिडकीतून आत घेतली, पायाच्या अंगठ्याला बांधली आणि अंगठा हलवत हलवत ती पाटीवर गुणाकार करायला लागली. झोळीत तिचा धाकटा भाऊ असायचा, जेमतेम चार-पाच महिन्यांचा.

सिंधूबद्दल सांगायलाच हवं. चौथीतली, किडकिडीत, हुशार आणि प्रश्न विचारून भंडावणारी. एका धड्यात लोकसंख्येचा विषय होता. मी ठोकळेबाज शिकवला. माणसं फार झाली, अन्न कमी पडतं, पाणी कमी पडतं, वर्ग अपुरे पडतात. सिंधूने हात वर केला. "बाई, मंग आम्हनामा जास्तीनं कोण शे?"

आमच्यात जास्तीचं कोण आहे? नव्वद पोरं माझ्याकडे बघायला लागली, आणि खरंच सांगते, काही पोरांनी एकमेकांकडेही बघितलं. मी तिला खाली बसवलं.

संध्याकाळी अक्कांना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "तिला सांग, कोणीच नाही. आलेल्यातलं जास्तीचं कोणी नसतं." मग भाकरी पुन्हा थापायला घेत म्हणाल्या, "पण वर्ग वाढत नाही, हेही खरं आहे ना गं. शेत वाढत नाही. तिच्या आईला अजून एक झालं, तर ही पोरगी शाळेतून उठेल. दोन झोळ्यांच्या दोऱ्या दोन्ही पायांना बांधून लिहिता येत नाही." आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

आता टार्गेटचं. त्या काळी नर्सबाईंना दर वर्षी ऑपरेशनच्या केसेस ठरवून दिलेल्या असायच्या. आम्हा मास्तरांनाही दोन-दोन वाट्याला यायच्या. केस म्हणजे जिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करवून आणायचं ती बाई, किंवा बाप्या. मार्च महिना आला की गावात मास्तर दिसला रे दिसला, की माणसं गल्ली बदलायची. तालुक्याच्या शिबिराची जीप यायची आणि अक्का त्या जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायच्या, "कोना मनथीन उनी?" कोणाच्या मनाने आलीस? हे विचारा असं कोणत्याही कागदात लिहिलेलं नव्हतं. ती अक्कांची स्वतःची भर.

एका मार्चला आमच्या हेडमास्तर नानांनी मारुतीच्या पारावरून एक केस आणली. वय साठीच्या पुढे, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. अक्कांनी त्यालाही विचारलं, बाबा, कोणाच्या मनाने आलास? म्हातारा निरागसपणे म्हणाला, "गुरुजीस्नी सांगं, जीपमा बसाले भेटी." अक्कांनी नानांकडे एकदा बघितलं. नाना चष्मा पुसायला लागले. म्हातारा हिरमुसला होता, म्हणून अक्कांनी ड्रायव्हरला सांगून त्याला वाटेवरच्या त्याच्या लेकीच्या गावापर्यंत जीपमध्ये बसवून नेलं आणि तिथे उतरवलं. केस गेली, पण म्हाताऱ्याची हौस फिटली. मी हसून हसून दमले होते.

पुढच्या मार्चला मी हसत नव्हते. माझी एकही केस झाली नव्हती, आणि बदलीचा अर्ज हलवायचा असेल तर निदान एक तरी दाखवा, असं मला सांगण्यात आलं होतं. घरी माझं लग्न ठरण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. मुलगा जळगावचा. मला काहीही करून ते गाव सोडायचं होतं. मी काहीही केलं.

सिंधूची आई कमल मला हापशावर भेटली. तिचा नवरा केळीच्या कामाला सावद्याकडे जायचा, महिना महिना यायचा नाही. तीन मुली आणि झोळीतला तो मुलगा. माझ्या हिशेबाने सरळ केस होती. मी तिला ऑपरेशनचं सांगितलं, ती नको म्हणाली. पुन्हा सांगितलं, पुन्हा नको. मग मी म्हणाले, "नाही केलंस तर सिंधूचं नाव शाळेतून कमी करावं लागेल. वरून हुकूम आहे."

असा कुठलाही हुकूम नव्हता. तो मी तिथे, हापशाच्या कट्ट्यावर उभी राहून तयार केला. कमलच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. सिंधू सावद्याहून आलेली बापाची पत्रं वाचून दाखवायची. त्या घरात ते एवढं मोठं काम दुसरं कोणी करू शकत नव्हतं.

जीप आली त्या दिवशी अक्कांना शेवटची एक केस कमी होती. कमल मागच्या बाकावर बसलेली पाहून जीपमधले साहेब खूश झाले. झालं टार्गेट, चला. मी शाळेच्या पायरीवर उभी होते. अक्का जीपपाशी गेल्या. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती.

"कोना मनथीन उनी?"

कमलने पदर पोरावर ओढून घेतला. पोर तिच्या मांडीवर होतं, ढास लागून खोकत होतं. अक्कांनी पुन्हा विचारलं.

"बाईस्नी सांगं," कमल म्हणाली. "पोरनं नाव काटतीन."

अक्कांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. दोन पुरुषांचा आवाज होता त्यांचा, ओरडल्या असत्या तर गावभर ऐकू गेलं असतं. त्या कमलकडे वळल्या. "आनि तुना मनमा काय शे?"

"दोन आंडोर गयात मना," कमल म्हणाली. "हाऊ बी गया तं?"

दोन मुलगे गेले माझे. हाही गेला तर? हे मला माहीत नव्हतं. माझ्या हजेरीपटात जिवंत मुलांची नावं होती. अक्कांच्या वहीत गेलेल्यांचीही होती, वयासकट, कशाने गेली त्यासकट. मी ती वही कधी उघडून बघितली नव्हती.

"उतर," अक्का म्हणाल्या. "घर जाय."

साहेब चिडले. बाई, डोकं ठिकाणावर आहे का, एक केस कमी पडतेय, तुम्हालाच मेमो मिळेल. अक्का म्हणाल्या, मिळू द्या. त्यांनी पोराला कमलच्या कडेवर नीट बसवलं, त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि तिथेच, सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "हाऊ शाळामा जाई तवय मी येसू. तवय मी परत इचारसू. तोपावत ह्याले जगाडू. तू आनि मी." म्हणजे हा शाळेत जाईल तेव्हा मी येईन आणि पुन्हा विचारीन, तोवर याला जगवू.

जीप गेली. मी वर्गात जाऊन बसले. त्या दिवशी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पुढच्या सोमवारी छत्री दारात आली नाही, असं सांगायला मला सोपं गेलं असतं. पण ती आली. नेहमीच्याच वेळेला, नेहमीच्याच आवाजात, "आज कडेवर किती?" आणि मी नव्वद पोरांसमोर रडायला लागले. अक्कांनी मला पडवीत नेलं. झोळ्यांजवळ उभं राहून म्हणाल्या, "तू भ्यालीस. मीही भिते. मला पोरगा शिकवायचाय, मला नोकरी हवीय. पण आपल्याला भीती वाटली म्हणून दुसऱ्या बाईच्या अंगावर सुरी चालवायची नाही. एवढंच लक्षात ठेव." मग पेला काढून म्हणाल्या, "पाणी दे." मी माठातलं पाणी दिलं.

त्यानंतर अक्कांनी त्या पोराला जगवायचा जणू विडाच उचलला. गोवराची सुई, खोकल्याचं औषध, जुलाब लागले की साखर-मीठ-पाण्याचा तांब्या घेऊन दिवसातून तीनदा खेप. एप्रिलमध्ये एका दुपारी कमल स्वतःच उपकेंद्राच्या मागच्या दाराने आली. कायमचं नको, पण तीन-चार वर्षं काही होणार नाही असं काही आहे का, तिने विचारलं. अक्कांनी गर्भाशयात बसवायची तांबी दाखवली, काय होतं, काय त्रास होऊ शकतो, सगळं सांगितलं आणि मग नेहमीचा प्रश्न. कमल म्हणाली, "सिंधूसाठे." अक्का हसल्या. "तेबी चाली."

हे मला अक्कांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होता जसा माझ्या पोरांचा पहिल्यांदा जोडाक्षर वाचता आल्यावर व्हायचा.

अक्कांना मेमो आला. जूनमध्ये बदलीही आली. जिल्ह्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, सातपुड्यात, जिथे बस दिवसातून एकदा जायची आणि पावसाळ्यात तीही नाही. ज्या बदलीसाठी मी खोटं बोलले ती मला मिळाली नाही, आणि अक्कांना न मागता मिळाली. माझ्या मनाला ही गोष्ट आजही टोचते. त्या गेल्या तेव्हा पाटलांच्या घरच्या सासूबाई पितळी पेला भरून बसपर्यंत आल्या होत्या. अक्का पाणी प्यायल्या, छत्री उघडीच बसमध्ये घालायला लागल्या आणि ती दारात अडकली. कंडक्टर, मी आणि हेडमास्तर नाना, तिघांनी मिळून ती मिटली.

जळगावच्या त्या मुलाचं दुसरीकडे ठरलं. मी गावात राहिले. सुरुवातीला नाइलाजाने, मग नाइलाज कधी संपला ते कळलं नाही. पडवीतल्या झोळ्या तीनच्या पाच झाल्या, मग हळूहळू दोन झाल्या. दर सोमवारी मी स्वतःच मोजायला लागले आणि एका वहीत टिपायला लागले. नवी नर्सबाई आली तेव्हा ती वही मी तिच्यासमोर ठेवली. सिंधू सातवी झाली. तिच्या वयाच्या बऱ्याच मुलींची लग्नं लागली, सिंधूचंही स्थळ येऊन गेलं. कमल म्हणाली, सावद्याची पत्रं कोण वाचील? आणि सिंधू दोंडाईच्याच्या हायस्कुलात बसने जायला लागली.

जीपची ती सकाळ होऊन चार वर्षं झाली होती. जूनमधला सोमवार, पहिलीची नावं घालायचा दिवस. दारात रांग होती. मी मान खाली घालून लिहीत होते आणि एकदम कागदावर सावली पडली. वर बघितलं तर छत्री. नवी घेतली होती, पण उघडीच. तिच्याखाली अक्का, डोकं निम्मं पांढरं झालेलं.

"काय मास्तरीण, आज कडेवर किती?"

"एक," मी म्हणाले. उठून त्यांच्या पाया पडावं की गळ्यात पडावं ते मला कळेना, आणि रांगेतल्या आया बघत होत्या. "आज एकच आहे अक्का."

त्या डोंगरातून आदल्या दिवशी सकाळी निघाल्या होत्या, एक रात्र धुळ्याला लेकाकडे काढून. पिशवीतून त्यांनी एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. अक्षर मी लगेच ओळखलं, त्याला वळण मीच लावलेलं होतं. "आदरणीय अक्का, येत्या सोमवारी भाऊचं नाव शाळेत घालणार आहोत. आईने तुम्हाला कळवायला सांगितलं आहे. तुमची सिंधू." मला या पत्राचा पत्ताही नव्हता.

रांगेत कमल होतीच. तिच्यापुढे तो मुलगा, तेल लावून भांग पाडलेला, नवी चड्डी, खिशात पाटीवरची पेन्सिल. ज्या छातीतला खोकला ऐकून आम्ही सगळे घाबरलो होतो, ती छाती पुढे काढून तो उभा होता. मी नाव विचारलं, तो ओरडूनच बोलला. मी लिहिलं. माझं अक्षर एरवी बरं असतं, त्या ओळीत मात्र ते जरा हललेलं आहे.

दुपारच्या बसला मी शाळा सोडून स्टॉपवर गेले. कमलच्या हातात कापडी पिशवी होती, त्यात तालुक्याच्या दवाखान्यात राहण्यापुरतं एक जास्तीचं लुगडं. आज जीप नव्हती, साहेब नव्हते, मार्चही नव्हता. सिंधू नववीचं दप्तर पाठीला लावून उभी होती आणि तिचा भाऊ तिचं बोट सोडून रस्त्याकडेचे खडे वेचत होता. अक्कांनी चार दिवसांची रजा टाकली होती. त्या आता दुसऱ्या गावाच्या नर्सबाई. ही केस त्यांच्या टार्गेटमध्ये कुठेच बसणार नव्हती.

बस आली. कमल पायरीवर चढली आणि अक्कांनी खालूनच तिचा हात धरून तिला थांबवलं. मागे माणसं खोळंबली, कंडक्टरने घंटी वाजवली. अक्कांनी सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कमल, कोना मनथीन उनी?"

कमल वळली. तिने माझ्याकडे बघितलं, सिंधूकडे बघितलं, खडे वेचणाऱ्या पोराकडे बघितलं, आणि हसली.

"मना मनथीन," ती म्हणाली. "चाला अक्का, बठा. गाडी निंघी ऱ्हायनी."